गुरुवारची मोडी

पुणे, कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय अक्का,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं आलं तेव्हा उजवा हात कोपराखालून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे फोनवरच भागवावं लागलं. हे पत्र मात्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. एका बैठकीत अर्ध्या पानापलीकडे जमत नाही, मनगट ठणकायला लागतं. अक्षर जिथे बदललेलं दिसेल तिथे समज, मध्ये एक रात्र गेली आहे.

तू विचारलंस, नेमकं कुठलं हाड. अंगठ्याच्या बाजूचं, मनगटाच्या अगदी वरचं. आषाढात जिन्याची पायरी ओली होती, पाय सरकला आणि पडताना हात टेकला. पडणारा माणूस हात पुढे करतोच, आणि सगळा भार तिथेच येतो. या अस्थिभंगाचं नीट वर्णन अब्राहम कॉलिस नावाच्या आयरिश शल्यविशारदाने १८१४ साली केलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे या माणसाने हाड डोळ्यांनी न पाहता, बोटांनी चाचपून, ते कुठे मोडतं आणि मोडलं की मनगटाला कसा बाक येतो हे ओळखलं होतं. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून मी हे वाचत होते तेव्हा त्याच्या बोटांबद्दल मला फार आदर वाटला. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होत जातात आणि साध्या पडण्यानेही हे हाड जातं. तू माझ्याहून मोठी आहेस. हाडांची घनता मोजणारी तपासणी तंजावरात होते का ते बघ आणि करून घे. हे मी आग्रहाने सांगते आहे.

आता दिवस कसे गेले ते. सकाळची पहिली अडचण लिहिण्याची नव्हतीच, केसांची होती. डाव्या हाताने चहा होतो, एका हाताने आंघोळसुद्धा हळूहळू होते, पण वेणी होत नाही. दोन दिवस तशीच राहिले. तिसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी दूध द्यायला आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता कपाटावरचा कंगवा घेऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांचं आणि माझं बोलणं आजवर पाण्याच्या वेळा आणि जिन्यातला दिवा यापलीकडे गेलं नव्हतं. तेव्हापासून श्रावणभर रोज सकाळी त्या येत राहिल्या. आकाशवाणीवर बातम्या लागलेल्या असत, त्या गुंता सोडवत आणि मध्येच स्वतःचं काही सांगत. मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, म्हणून कदाचित सांगणं सोपं जात असेल. चिपळूणजवळचं त्यांचं माहेर, आईचं शेवटचं आजारपण, भावाशी तुटलेलं बोलणं, हे सगळं मी आरशाशिवाय, खिडकीबाहेरच्या प्राजक्ताकडे बघत ऐकलं. आपली आई गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता, अक्का. पहिल्या दिवशी मला रडू आलं. वहिनींना ते कळलं असावं, पण त्या वेणी घालत राहिल्या.

भेटायला पुष्कळजण आले, शहाळी आली, हाडं लवकर जुळावीत म्हणून औषधंही सुचवली गेली. सगळ्यांची माया खरी होती. पण मला बरं वाटलं ते स्वतःचं काही घेऊन येणाऱ्यांमुळे. एका मित्राने नाटकाच्या तालमीतलं भांडण आणलं आणि तासभर माझा सल्ला घेतला. एका भाचीने भाड्याच्या घराचा करारनामा आणला. ते आले की मी रुग्ण राहत नसे, ज्याच्याकडे काही विचारायला यावं असं माणूस होत असे. आजाऱ्याला विश्रांती द्यावी हे बरोबरच आहे. पण त्याला कुणाच्या उपयोगी पडण्यातूनही सुट्टी दिली की तो आणखी खचतो, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

लिहिण्याचं सांगते. पुस्तकाचं अर्ध्याहून जास्त काम झालेलं होतं आणि मधेच हे. आधी फोनला सांगून पाहिलं. हल्ली तो मराठी बोलणं बऱ्यापैकी टिपतो. पण तो मी म्हणेन ते सगळंच घेत होता. फसलेलं वाक्यही तितक्याच तत्परतेने पडद्यावर उमटायचं आणि समोर कुणाच्याही कपाळाला आठी पडायची नाही. तेव्हा माझी मुद्रितं तपासणारी मैत्रीण म्हणाली, मी येते लिहून घ्यायला, गुरुवारी. ती आली, मांडीवर पाठकोरे कागद घेऊन बसली, आणि मी सांगायला लागले. पहिला परिच्छेद झाल्यावर तिने वाचून दाखवला तेव्हा एका वाक्यातली दोन विशेषणं त्यात नव्हती. विचारलं, तर म्हणाली, "ती तू म्हणालीस खरी, पण त्याआधी थांबलीस. तुला ती नको असावीत असं वाटलं." इतकी वर्षं ती माझ्या लेखनाच्या समासात पेन्सिलीने बारीक खुणा करत आली आहे. पण कागदावर माझं थांबणं कुठे उमटतं? ते तिला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तिच्यामुळे मलाही.

त्या रात्री मला नेवाशाचे सच्चिदानंदबाबा आठवले. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली आणि लिहून घेतली ती त्यांनी. ग्रंथाच्या शेवटी त्यांचा उल्लेख येतो, तो वाचून आपण पुढे जातो. पण सांगणारा सांगताना कुठे थांबला, कुठे पुन्हा मागे गेला, हे जगात त्या एका माणसाला माहीत होतं. बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिकाही आठवली. पत्र लिहायला वेळ मिळाला नाही म्हणून त्यांनी शिवाजी महाराजांना कोऱ्या कागदावरून सगळा मजकूर वाचून दाखवला, ती. शाळेत आपल्याला ती हुशारीची गोष्ट म्हणून सांगितली होती. मला आता तिच्यात जवळीक दिसते. दुसऱ्याच्या मनातलं इतकं ठाऊक असल्याशिवाय कोऱ्या कागदावर ते वाचता येणार नाही. एकटीनेच बसून लिहायचा हा उद्योग आहे, असं मी आजवर मानत आले होते. यापुढे तसं म्हणवणार नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा श्रावण संपत आला होता. आतला हात पाहून मी घाबरले. कातडी कोरडी, सालपटं निघालेली, कोपराखालच्या हातापेक्षा मनगट जाड, आणि बोटं मिटायलाच तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता हात तुमचा तुम्हालाच परत मिळवायचा आहे. फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येऊ लागली. मेणाचा शेक, मग मूठ वळणं, अंगठ्याचं टोक एकेका बोटाला टेकवणं, तळहात पालथा आणि उताणा करणं. उताणा होताना फार दुखतं. घरच्या घरी कणीक तिंबायला सांगितली, तीही तिंबली, वहिनींच्या पोळ्यांसाठी. मग ती म्हणाली, पेनही धरा आता, थोडं थोडं लिहा.

मी माझं नाव लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. ते माझं अक्षर नव्हतं. 'क' चा पोटातला गोल बसेना, दंड सरळ उतरेना. व्यायामाचं दुखणं सोसत होते, पण हे बघवत नव्हतं. रात्री जाग आली की एकच विचार यायचा, हे असंच राहिलं तर?

आणि मग मोडी आली, अक्का, तुझ्यामुळेच. मागे तू मला धडे दिले होतेस, ती बाराखडीची वही कपाटात सापडली. मोडीत आधी पानभर ओळ आखून घ्यायची आणि अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची. लेखणी फारशी उचलायची नाही, एका अक्षराचं वळण गोल फिरून पुढच्या अक्षरात शिरतं. मनगटाला हवा असलेला व्यायाम नेमका हाच. पण खरं कारण वेगळं होतं. देवनागरीत माझ्या हाताला त्याचं जुनं वळण आठवत होतं आणि प्रत्येक अक्षर त्याच्यापुढे उणं पडत होतं. मोडीत बिघडायला आधीचं काही नव्हतंच. तिथे मी नवशिकी होते आणि नवशिक्याचं अक्षर वाकडं येणारच. बोरू छाटून आणला, त्याचं टोक तिरपं कापून घेतलं, आणि तुझ्या वहीतून पेशवेकालीन वळण गिरवायला बसले. ते गोल, घोटीव वळण चिटणिशी करणाऱ्यांच्या हातात कसं रोजच्या सवयीने बसलं असेल याचा विचार करत दुपार निघून जायची. देवनागरी आपोआप सुधारत गेली, मी तिच्याकडे बघत नसताना.

गुरुवारची बैठकही तेव्हापासून बदलली. मैत्रीण लिहून घ्यायला यायची, तिच्याबरोबर तिच्या ओळखीतली इतिहासाची एक विद्यार्थिनी येऊ लागली. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या कामाला सरकारी दप्तरखान्यांत मोडी वाचणाऱ्यांची गरज पडू लागली, त्यात ही मुलगी तयार झाली आहे. दिवसभर जन्ममृत्यूच्या आणि जमिनीच्या नोंदी वाचते आणि गुरुवारी आमच्याकडे येऊन पुन्हा मोडीच वाचते. हे ऐकून वहिनींनी माहेरच्या ट्रंकेतली कागदांची गुंडाळी आणली. भावाकडून मागून आणली. म्हणजे त्यांचं बोलणं सुरू झालं आहे.

पहिला कागद कर्जरोख्याचा निघाला. तुला मोडीची सवय आहे, पण आमची अवस्था बघ. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारात ह्रस्वदीर्घ नाही, ओळ संपली की शब्द तिथेच तुटून खाली गेलेला. डोळ्यांनी वाचताच येत नाही, मोठ्याने म्हणावं लागतं. एकीने अक्षरं म्हणायची आणि बाकीच्यांनी ऐकून शब्द पाडायचे. सालाशी विद्यार्थिनी थांबली आणि तिने आम्हाला सुहूर सन शिकवला: खमस सबैन मया व अलफ, म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार. ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४, साल मृगाला सुरू होऊन पुढच्या मृगाला संपणारं. सवाई माधवराव त्या मृगाला दोन महिन्यांचेही नव्हते. पुण्यात बारभाई राज्य सांभाळत होते आणि चिपळूणकडे कुणीतरी तीन खंडी भाताच्या बोलीवर पैसे उचलत होतं. एका ओळीवर आम्ही तिघीही अडलो. दोनदा, तीनदा म्हणून पाहिली. चहाचे कप उचलायला आलेल्या वहिनी मागून म्हणाल्या, "वरकस. वरकस जमीन म्हणताहेत ते. डोंगरउताराची, नाचणी-वरीची." मोडीचं एक अक्षर त्यांना येत नाही. त्यांना त्यांची जमीन माहीत होती. पुढच्या गुरुवारपासून त्या कप न्यायला येत नाहीत, पहिल्यापासून बसतात.

त्याच गुंडाळीत एक घरगुती पत्रही आहे. सुरुवातीला नेहमीचं, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत असावे. मजकूर साधाच आहे, गुरं, पाऊस, कुणाला तरी आलेला ताप. वाचताना मला जाणवलं की ही रीत किती विचाराने घातलेली आहे. दुसऱ्याचं कुशल नुसतं विचारलेलं नाही, आधी आपलं सांगितलंय, आणि मग त्याचं लिहून मागितलंय. आजारपणात माझी विचारपूस खूप झाली, आणि त्या प्रत्येकाची मी ऋणी आहे. पण स्वतःचं कुशल-अकुशल मला सांगणारे जे होते, त्यांच्याशी माझं नातं या चार महिन्यांत पुढे गेलं आहे.

आता काम. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांमध्ये तू इतकी वर्षं वावरतेस. सरफोजीराजांनी तंजावरात धन्वंतरी महाल चालवला, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या, हे तू मला बृहदीश्वराच्या आवारात सांगितलं होतंस, १८०३ चा तो भिंतभर मराठी शिलालेख दाखवून झाल्यावर. औषधांचा, वैद्यांचा, रुग्णांचा काही हिशेब मोडीत असलेला एखादा कागद तुझ्या पाहण्यात आला आणि त्याची नक्कल द्यायला परवानगी असली, तर आम्हाला हवी आहे. फिजिओथेरपीवाल्या मुलीला मी तसं कबूल करून बसले आहे, तीही आता गुरुवारी शेवटची भेट आमच्याकडे ठेवते. तंजावरच्या मराठीत तमिळ शब्द आले की आम्ही अडणार, म्हणून समासात तेवढे लिहून दे. बाकी काही सांगू नकोस.

नक्कल टपालानेच पाठव. फोनवरच्या फोटोत एकावेळी एकीलाच दिसतं, आणि आम्हाला टेबलावर पसरून सगळ्यांना एकदम वाकता आलं पाहिजे. दिवाळीला यायचं ठरलं तर मध्ये गुरुवार येईल असं तिकीट काढ. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते मात्र त्याआधी लिही. दोन्ही पत्रांत तू ते टाळलं आहेस.

तुझी,
धाकटी