सोपी वाट

आषाढ लागलेला असावा, पाऊस न थांबता पण न रागावता पडत असावा आणि पायांना फार दूर जावयाचे नसावे, असा योग सह्याद्रीच्या पायथ्याशी पुष्कळदा येतो. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील लोधिवली हे मुंबई-पुणे जुन्या मार्गावरील गाव. तेथून चौकच्या दिशेने जो पायी निघतो, त्याला घाट चढावा लागत नाही की रात्रीच्या मुक्कामाची चिंता करावी लागत नाही.

अशा वाटसरूचे डोळे मोकळे असतात. अवघड चढावर माणूस आपली धाप आणि पुढचे पाऊल एवढेच पाहतो. सपाटीवर त्याला भोवतालचे दिसू लागते. भाताच्या खाचरांत चिखलात वाकलेल्या बाया आवणाच्या मुठी सोडून रोपे लावीत असतात. त्यांच्या इरल्यांवर पाऊस वाजत असतो. बांधाच्या कडेने टाकळा माजलेला असतो. मधूनच ढग विरतात, प्रबळगडाचा लांब माथा आणि इर्शाळगडाचा सुळका दिसतो, आणि पाहतापाहता ते पुन्हा नाहीसे होतात.

लांबच्या प्रवासातही असा सोपा दिवस वाया जात नाही, हे वारकऱ्यांनी फार पूर्वी ओळखले आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरीला जाताना पुण्यापुढे दिवेघाटाचा कठीण चढ चढते. पुढे लोणंद ते तरडगाव हे अंतर मात्र अवघे 8 किलोमीटरांच्या आसपास आहे. पहिले उभे रिंगण होते ते याच वाटेवर, चांदोबाचा लिंब येथे. पायांत बळ शिल्लक असते, म्हणून त्या दिवशी आनंदाला जागा मिळते.

चौकच्या परिसरातील डोंगरवाटा जुन्या आहेत. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली माथेरानवर चढले ते चौकहूनच. माथेरानचा शोध त्यांच्या नावावर सांगितला जातो. परंतु त्यांच्या कितीतरी आधी ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या पावलांनी या रानातल्या वाटा मळलेल्या होत्या. आज वाटसरूला सोपी वाटणारी प्रत्येक पायवाट अशा कोणाच्या तरी रोजच्या कष्टाने पडलेली असते.

त्या कष्टांची किंमत इर्शाळगडाकडे पाहताना उमगते. गडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. 19 जुलै 2023 च्या रात्री, अनेक दिवसांच्या पावसाने जड झालेली माती कातळावरून सुटली आणि निजलेल्या वाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसे सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. माती उपसणारी मोठी यंत्रे वर नेता येईनात. मदतीला धावलेली माणसे भर पावसात निसरड्या पायवाटेने चढून गेली आणि हातांनीच माती उपसू लागली. हौसेने गड पाहावयास येणाऱ्यांना ज्या पायवाटेची मौज वाटे, तीच वाडीकरांची बाजाराला जाण्याची आणि आजाऱ्याला खाली आणण्याची वाट होती. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे चौकजवळ सपाटीवर घरे बांधण्यात आली.

पाऊस तोच असतो. खाचरातल्या रोपाला तो जीवन देतो, वाटसरूला सोबत करतो आणि उतारावरील वस्तीची झोप उडवितो. म्हणून सुजाण वाटसरू मुसळधार पावसात गडाचा हट्ट धरीत नाही. तो खालच्या वाटेनेच चालतो. वाटेत कोणी भेटले, तर वरच्या वाड्यांवर पाऊस कसा आहे, याची विचारपूस करतो. आपला दिवस सोपा गेला हा आपला पराक्रम नव्हे, हे त्याला ठाऊक असते. चौकला पोहोचून तो भिजलेले कपडे पिळतो, तेव्हा खाचरांतली लावणी अजून चाललेलीच असते.