पाहिजे : एक शेवाळखाऊ

कांचपेटींत मासे पाळण्याचा शौक आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं. आमच्या गोरेगांवींही चार-पांच दिवाणखान्यांत अशा पेट्या आम्हीं पाहिल्या आहेत. (मुंबईच्या उपनगराशीं आमचें केवळ नामसाम्य, आमचें गोरेगांव हिंगोली जिल्ह्यांतलें.) पेटी आली म्हणजे मासे येतात, मासे आले म्हणजे महिन्याभरांत शेवाळ येतें, आणि शेवाळ आलें म्हणजे तें खाणारा एखादा प्राणी आणावा असा विचार घरांत सुरू होतो. आम्ही प्राध्यापक असल्यामुळें आम्हांस सर्वच विषयांतलें कळतें, अशी शेजाऱ्यांची समजूत आहे. तिला तडा जाऊं नये म्हणून आम्हीं या उमेदवारांची बरीच चौकशी केली. तिचें सार येथें देत आहों.

पहिला उमेदवार दुकानदार स्वतःच पुढें करतो. त्यास बाजारांत 'सकर' म्हणतात. अंगावर हाडांचें चिलखत, तोंड पोटाच्या बाजूस, आणि दिवसभर कांचेला चिकटून राहण्याची संन्याशाची वृत्ति. दुकानांत तो बोटाएवढा असतो. पण दक्षिण अमेरिकेंतल्या नद्यांचा हा मूळ रहिवासी वाढला म्हणजे हातभर होतो. दोन फुटांच्या पेटींत हातभर मासा म्हणजे पाळण्यांत पहिलवान! शिवाय त्याची विष्ठा हेंच शेवाळाचें उत्तम खत.

दुसरा 'चिनी शेवाळखाऊ'. लहानपणीं तो इमानानें काम करतो. प्रौढ झाल्यावर शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगावरचा बुळबुळीत लेप चाटूं लागतो. तिसरा 'सयामी'. हा खरोखर कष्टाळू. परंतु त्याच्या नांवावर भलतेच मासे विकले जातात. अंगावरची काळी रेघ शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली असली तरच तो अस्सल समजावा. पण अर्ध्या फुटाच्या या धावपट्यास पेटी चांगली लांब लागते.

चौथी जपानी कोळंबी. तकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनीं ती जगभर लोकप्रिय केली. तिच्या पिलांना खारें पाणी लागतें, म्हणून घरच्या पेटींत तिची संतति बेसुमार वाढत नाहीं. मात्र मोठ्या माशांच्या संगतींत ती स्वतःच भक्ष्य होते. त्यांतून आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो, आणि वीज गेली कीं हवेचा पंपही थांबतो. अशा वेळीं असले नाजूक पाहुणे आधीं दगावतात.

राहिली गोगलगाय. 'गोगलगाय नि पोटांत पाय' म्हणून आपण तिची उगीच बदनामी केली आहे. कानशीसारख्या जिभेनें ती शेवाळ खरवडून काढते, आणि आमच्या बोअरचें जड पाणी तिच्या शंखाला चांगलें मानवतें. त्यांतही 'नेरीट' जातीचीं अंडीं गोड्या पाण्यांत फुटत नाहींत. कांचेवर त्यांचे पांढरे ठिपके राहतात, एवढाच काय तो दोष.

परंतु खाणारा शोधण्याआधीं या शेवाळास खाऊं घालतो कोण, हा प्रश्न विचारावयास नको काय? खिडकींतलें ऊन, रात्रीं उशिरापर्यंत जळणारा दिवा, आणि पोरांनीं प्रेमानें टाकलेल्या अन्नाचा कुजलेला गाळ, यांवर तें पोसतें. दिवा सात-आठ तास ठेवावा, मासे दोन-तीन मिनिटांत संपवितील तेवढेंच अन्न घालावें, आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें आणि समोरची कांच स्वतः पुसावी. उरलेल्या शेवाळास दोन-तीन गोगलगाई पुरेत.

निवड चुकली तर तिचें फळ पेटीबाहेरच्यांनाही भोगावें लागतें. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांचा सकर चार वर्षांत पेटीला पुरेना. ते एकदां सकाळीं बादली घेऊनच निघाले. "सर, याला कयाधूंत सोडतों. जीवही वाचेल, पुण्यही लागेल."

"मास्तर, एकाचा वाचेल, बाकीच्यांचें काय?" आम्ही म्हणालों, आणि त्यांना ओसरीवर बसवून घेतलें. कोणा शौकिनांनीं सोडलेला हाच मासा उजनी जलाशयांतल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊं लागला आहे. त्याच्या चिलखतानें जाळीं फाटतात, बाजारांत त्याला गिऱ्हाईक नाहीं, काठांत बिळें करून तो अंडीं घालतो, आणि हवा गिळून घाणेरड्या पाण्यांतही जगतो. आपल्या दख्खनच्या नद्यांतला शेवाळखाऊ निराळा. खडकांना चिकटून शेवाळ खरवडणारा 'मळ्या'. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वर्णनांत त्याच्या शास्त्रीय नांवांत 'मुल्या' हें आपलें मराठी नांवच घातलें, तें आजतागायत जगभर चालतें. वाहत्या पाण्याचा हा मासा कांचपेटींत रमणारा नव्हे. पण त्याच्या पानांत आपण तिऱ्हाईत बसवूं नये, एवढें तर आपल्या हातीं आहे.

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग बादली घेऊन घरीं परतले. त्यांच्या अंगणांत सिमेंटचा जुना हौद आहे. सकर आतां तेथें राहतो आणि संध्याकाळीं काकडीची फोड खातो.

मुलीस स्थळ पाहतांना आपण घर, माणसें, पुढची मिळकत, सारें विचारतों. दहा-वीस रुपयांच्या माशाविषयीं निदान दोन प्रश्न विचारावेत: हा पांच वर्षांनीं केवढा होईल, आणि तेव्हां आपण त्याला कोठें ठेवूं? दुसऱ्याचें उत्तर 'नदींत' असें येत असेल, तर रिकाम्या हातीं घरीं यावें आणि कांच पुसावी.