आठ अंश

माझ्या गाडीच्या कॅमशाफ्टमध्ये मी हौसेनं आठ अंशांचा फरक करून घेतला. त्यात माझ्या बहिणीचं एक वर्ष गेलं.

सुरुवात एका रीलपासून झाली. अमेरिकेतली कुठलीतरी जुनी व्ही-एट गाडी, नुसती उभी. चालवणाऱ्याचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी बॉनेट हलतंय. धडक्-धडक्, मध्येच एक ठोका चुकतो, पुन्हा धडक्. त्या रात्री मी तो आवाज चाळीसेक वेळा ऐकला असेन. माझी गाडी दीडशे सीसीची, एका सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली, वडिलांनी वापरून मला दिलेली. तिला असा आवाज शोभेल का, हा प्रश्नच मला पडला नाही. कुठं करून मिळेल, एवढाच पडला.

कोल्हापुरात तो फार वेळ अनुत्तरित राहत नाही. उद्यमनगरात एकानं लोबवर वेल्डिंगचा थर चढवून कॅम पुन्हा घासून द्यायचं कबूल केलं. गॅरेजवाल्या मामाला मी हे कौतुकानं सांगायला गेलो.

मामानं आधी चहा सांगितला. मग म्हणाला, "तुमच्या गावाकडच्या घराला पुढचं दार आणि मागचं दार आहे का नाही? चूल पेटलीय, घरात धूर झालाय. दोन्ही दारं उघडलीस आणि वारं असलं, तर धूर मागनं जातो आणि पुढनं ताजी हवा आपोआप आत येते. वारं पडलेलं असलं तर?"

"धूर घरात."

"पुढच्या खोलीत. पाहुण्यांच्या अंगावर."

इंजिनात तसंच होतं. कॅमशाफ्टवर दोन उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणायचं. एक इनटेक व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा एक्झॉस्ट. या दोघांच्या शेंड्यांमधला कोन म्हणजे लोब सेपरेशन अँगल. कोन लहान केला की लोब जवळ येतात, आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. इंजिन जोरात फिरत असलं की बाहेर धावणारा जळका वायू मागे पोकळी ठेवतो, ती नव्या मिश्रणाला आत ओढते. हे झालं वारं. आयडलिंगला ते पडलेलं असतं. जळका वायू उलटा इनटेककडे सरकतो, नव्या मिश्रणात भेसळ होते, एखादा स्फोट नीट होतच नाही. रीलमधला तो चुकणारा ठोका म्हणजे हेच. मी ज्या आवाजावर भाळलो होतो तो इंजिन ठसकल्याचा होता.

मामाचं सगळं पटलं आणि तरी मी कॅम घासून घेतला.

खोटं कशाला बोलू, मजा आली. पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरवर गाडी अशी ओढायची की मागं बसलेला मित्र जॅकेट घट्ट धरायचा. लोब जवळ आणताना इनटेक व्हॉल्व्ह पूर्वीपेक्षा लवकर बंद होत होता, त्यामुळे मधल्या आरपीएमला सिलिंडरमध्ये दाब चांगला भरायचा. शर्यतीवाले लहान कोन मुद्दाम घेतात. त्यांना सिग्नलला थांबायचं नसतं.

मला थांबायचं होतं. गाडी न्यूट्रलवर बंद पडू लागली, म्हणून मी आयडलिंग चढवलं आणि मिश्रणात पेट्रोल वाढवलं. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. मला तोही रेसिंगचा वाटायचा.

जुलैतल्या एका सकाळी बहिणीला प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर सोडायचं होतं. केंद्र शहराबाहेर, वरून पाऊस. दाभोलकर कॉर्नरला गाडी बंद पडली, पुन्हा चालू झाली. कावळा नाक्याला पडली ती पडलीच. किक मारून मारून घाम फुटला. प्लग ओला काळा झाला असणार, पण तो काढायला पाना नव्हता. शेवटी रिक्षा मिळाली. आम्ही पोचलो तेव्हा गेट बंद झालं होतं. सहा मिनिटं. बहीण गेटच्या गजाला हात लावून उभी राहिली. रखवालदाराशी तिनं हुज्जत घातली नाही, माझ्याशीही नाही. परतताना रिक्षात तिनं फक्त विचारलं, "दादा, आता गाडी तिथंच राहणार का?"

त्या आठवड्यात मी टायमिंग चेनचा एक दात सरकवून पाहिला. उपयोग शून्य. एकाच शाफ्टवर दोन्ही लोब असले की सरकतात ते जोडीनं, त्यांच्यातलं अंतर हलत नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये दोन कॅम वेगळे असतात, आजच्या कितीतरी गाड्यांत तर दोन शाफ्ट असतात आणि कॉम्प्युटर चालत्या इंजिनात हा कोन कमीजास्त करतो. माझ्याकडं तसलं काही नव्हतं. (गल्लीतले आरएक्स १०० वाले हसत होते. टू-स्ट्रोकला कॅमच नसतो.)

मामानं क्रँकला डिग्री प्लेट लावली, व्हॉल्व्हवर डायल गेज बसवला आणि मापं घेतली. कोन निघाला १०२. तसल्याच दुसऱ्या गाडीचा मूळ कॅम त्यानं तपासला, तो ११०. दोन्ही व्हॉल्व्हची ड्युरेशन २६० धरली तर आधीचा ओव्हरलॅप ४० अंश, माझा ५६. कॅमचे आठ अंश, क्रँकवर सोळा. मामानं हा हिशेब पेट्रोल पंपाच्या पावतीमागं लिहून माझ्या हातात दिला. "सांगितलं होतं" एवढं तरी म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाला नाही.

मूळ कॅम परत मिळण्यासारखा नव्हता, घासला तोच मूळ होता. नवा आणला. टॅपेट मी स्वतः सेट केले, मामा शेजारी उभा राहून बघत होता. गाडी पुन्हा वडिलांच्या वेळेसारखी पुटपुटायला लागली. पन्हाळ्याचा चढ आता तिला जड जातो, तेवढं वाईट वाटतं. अजूनही वाटतं.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या सकाळी मी रिक्षा सांगून ठेवली होती. बहीण म्हणाली, गाडीवरच जाऊ. दारात मला गाडी चालू करायला लावली, न्यूट्रलवर. पिशवी खांद्याला लावून ती सायलेन्सरकडं बघत उभी राहिली, चांगलं एक मिनिट. मग हेल्मेट घातलं आणि मागं बसली.