ती घरी असेल तर?

27 एप्रिल 2015

नेपाळमधल्या सिंधुपाल्चोकच्या मैत्रिणीचा फोन अजून लागत नाही. शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास तिथं 7.8 तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. केंद्र गोरखा जिल्ह्यात, तरी काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळला. नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते, त्यामुळे वर्ग रिकामे होते. ती शिक्षिका आहे. पहिल्यांदा या सुट्टीनंच धीर दिला. मग लक्षात आलं, म्हणजे ती घरी असणार. आणि तिचं घर दगडमातीचं.

अशा भिंती काय करतात, हे आम्हा लातूरकरांना कुणी सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव निजलेलं असताना, किल्लारीत जाडजूड भिंती आणि जड माळवदं माणसांच्या अंगावर आली. जमीन हलली हे खरं, पण जीव घेतले ते घरांनी. तिकडेही तेच झालं असणार, या विचारानं पोटात कालवतं.

बाई गं, तू त्या वेळी शेतात असशील, अंगणात असशील, असंच मी धरून चालले आहे. आता एकच ऐक. धक्के अजून थांबलेले नाहीत. तडे गेलेल्या घरात धान्य काढायलासुद्धा शिरू नकोस.