पंपाचा अल्युमिनियमचा पाय आणि टंगस्टनची कांडी



आज पिकाचं नाही, अवजाराचं लिहितो. पण शेवटी गोष्ट डाळिंबावरच येते. एचटीपी पंपाची बॉडी, ब्लोअरच्या गिअरबॉक्सचं कव्हर, इंजिनाचे भाग, यातलं बरंच आता अल्युमिनियमचं येतं. हलकं असतं, लोखंडासारखं गंजत नाही. पण हादऱ्यानं बोल्टाजवळ चीर गेली की गावातल्या रॉडच्या वेल्डिंगचं ते काम नाही. तिथं आर्गन वेल्डिंगच लागतं, ज्याला टिग म्हणतात.

गेल्या मृग बहाराला ऐन सप्टेंबरात आमच्या पंपाचा एक पाय तुटला. दोन दिवस पाऊस होऊन नुकतीच उघडीप मिळालेली. तेल्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यानं या फळावरून त्या फळावर जातात, हे सोलापूरच्या डाळिंबवाल्याला सांगायला नको. नवीन बॉडी यायला आठ दिवस लागणार होते. म्हणून एका दुकानातून आर्गन मारून आणलं. वरून टाका झकास दिसत होता. दोन टाक्या फवारल्या आणि पाय त्याच जागी परत तुटला.

मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं आधी तो टाका घासून काढला. आत चाळणीसारखी भोकं आणि मधेच करडे, टणक कण. म्हणाला, "काका, भोकं तेलामुळं पडलीत. आन् हे कण टंगस्टनचे हायेत. कांडी वितळून आत पडलीया. पाय तिथनंच तुटला."

त्यानं काम करता करता जे सांगितलं, ते तुमच्यासाठी मांडतो.

अल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्या पुढं. ती साय फोडायला एसी करंट लागतो. एसीत करंट उलटसुलट होतो. एका फेऱ्यात साय फुटते, दुसऱ्यात उष्णता धातूत खोल जाते. साय फुटते त्या फेऱ्यात कांडी फार तापते. म्हणून कांडी कुठली आणि केवढी, हा प्रश्न अल्युमिनियमला जास्त महत्त्वाचा.

१) हिरव्या टोकाची म्हणजे शुद्ध टंगस्टन. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर चालते. टोकाला गोल थेंब धरते.
२) पांढरी, झिरकोनियमची. हीसुद्धा एसीची. थेंब नीट टिकतो, कण कमी पडतात.
३) सोनेरी (दीड टक्का) आणि निळी (दोन टक्के), लँथेनमची. आजच्या इन्व्हर्टर मशीनला ही चांगली. टोक निमुळतं घासून शेंडा जरासा बोथट ठेवायचा.
४) लाल, दोन टक्के थोरियमची. डीसीवर लोखंड-स्टेनलेसला नावाजलेली, पण एसीवर फुटून कण टाकते. शिवाय थोरियम किरणोत्सारी आहे. घासताना धूळ नाकात जाऊ देऊ नये.

रंग देशागणिक थोडे बदलतात, म्हणून डबीवरचं नाव वाचावं.

जाडीही बघावी लागते. पातळ पत्र्याला १.६ मिमीची कांडी पुरते, तीन मिमीच्या आसपास २.४ची. आमच्या पायासारख्या जाड कास्टिंगला करंट जास्त लागतो, म्हणून त्यानं ३.२ मिमीची निळी घेतली. बारीक कांडीवर जास्त करंट सोडला तर ती वितळणारच.

वेल्डिंगआधी त्यानं पाय ॲसिटोननं पुसला, स्टेनलेसच्या ब्रशनं घासला, गरम करून मुरलेलं तेल बाहेर काढलं, परत पुसला. भरायला ४०४३ची तार वापरली, ज्यात सिलिकॉन असतं. काम संपल्यावरही कांडी थंड होईपर्यंत आर्गन चालू ठेवला.

त्याच संध्याकाळी फवारणी सुरू केली. उघडीप तेवढीच होती, दुसऱ्या रात्री परत पाऊस आला. तो पाय अजून टिकून आहे.

तेव्हा मंडळी, अल्युमिनियमचं काम टाकताना दरच विचारू नका. मशीन एसीवर चालतं का, कांडी कुठली लावणार, तेल कसं काढणार, एवढं विचारा. जाणता मिस्त्री रागावत नाही, उलट कांडी हातात घेऊन दाखवतो. आणि गावातली जी पोरं आयटीआयला वेल्डर शिकताहेत, त्यांना अल्युमिनियमचं आर्गन नीट शिकून घ्या म्हणावं. फवारणीच्या दिवसांत असा माणूस जवळपास असला, तर कुणाची तरी बाग वाचेल.