शेंद्रीच्या रंगाचं चीज आणि आजीचा घास

मंडळी, आपल्या बडोदेकरांपैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत, म्हणून हे लिहितोय.

आमचा मुलगा विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला असतो. तो मुलूखच दूधदुभत्याचा. त्याच्या फ्रिजमध्ये एक चीज कायम असतं, कोल्बी-जॅक. केशरी आणि पांढरं एकमेकांत मिसळलेलं, अगदी संगमरवरी फरशीसारखं. सहा वर्षांची नात ते दिवसातून दोनदा खाते आणि आजीलाही भरवायला जाते.

सौ. तोंड फिरवायची. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही, आणि चीजसाठी दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात हे तिने वाचलेलं. नात हिरमुसायची. "आजीला माझा खाऊ आवडतच नाही," असं एकदा आईला सांगत होती, ते मी ऐकलं.

36 वर्षं बँकेत गेली. बारीक टायपातलं आधी वाचायचं ही सवय. पाकीट घेऊन बसलो. आपल्यासारखा हिरवा ठिपका तिकडे बंधनकारक नाही. नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलं असेल तर काहीच कळत नाही. प्राण्याचं असेल, नसेलही. 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल रेनेट' लिहिलेलं असेल तर वासराच्या पोटाचा संबंध नाही. सुनेने तसलं शोधून आणलं. सौ.ने स्वतः चष्मा लावून वाचलं, मगच तुकडा तोंडात टाकला. नात टाळ्या पिटत होती.

केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा. तो भाग कोल्बीचा. याच राज्यातल्या कोल्बी गावाजवळ 1885 साली जोसेफ स्टाइनवांड यांनी ते केलं असं सांगतात. घट्ट झालेल्या दुधाचे कण गार पाण्याने धुतात, त्यामुळे आंबटपणा कमी आणि चेडरपेक्षा मऊ. पांढरं ते कॅलिफोर्नियाचं मॉन्टेरी जॅक. दोन्हींचे कण एकत्र करून मग दाबतात, म्हणून ती नक्षी. चव अगदी सौम्य. नुसतं खायला मला फिकंच वाटतं, पण वितळतं सुरेख.

सौ.ने ते थालीपिठावर आणलं. फ्रिजमधून काढल्या काढल्या किसायचं, नाहीतर किसणीला चिकटतं. थालीपीठ उलटलं की वर पसरायचं, गॅस मंद, मिनिटभर झाकण. जास्त तापलं की तेल सुटून चिवट होतं. उरलेल्या बटाट्याच्या भाजीचं सँडविचही झकास होतं. सेव उसळीवर मात्र घालू नका. बडोद्यात आताशा घालतात, मला पटत नाही. आणि बीपीवाल्यांनो, 28 ग्रॅमच्या तुकड्यात साधारण 180 मिलिग्रॅम सोडियम असतं, तेव्हा थालीपिठात मीठ हात आखडूनच.

आम्ही परत आलोय. परवा व्हिडिओ कॉलवर नातीने नवं पाकीट उलटं करून कॅमेऱ्यासमोर धरलं. "आजी, वाच!"