हिरोइन वाशिमची!

सध्या माझ्या मोबाइलमध्ये एक राक्षसीण मुक्कामाला आहे. नाव विव्ह. धिप्पाड शरीर, बाहेर आलेले सुळे, अर्धं आयुष्य तलवारबाजीत गेलेलं. आणि आता बाईसाहेबांना काय करायचंय? कॉफी शॉप काढायचंय! तेही अशा गावात, जिथे कॉफी हा शब्दच कुणी ऐकलेला नाही.

ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या 'लेजंड्स अँड लाटेज'ची स्टोरी थोडक्यात ही अशी. जग वाचवायचं नाही, सिंहासन जिंकायचं नाही. जुनी जागा घ्यायची, मशीन आणायची, दालचिनीचे रोल भाजणारा कारागीर शोधायचा, आणि हाताखाली कामाला आलेल्या टँड्रीच्या नकळत प्रेमात पडायचं. बस्स! बाल्ड्री हा मुळात ऑडिओबुक्स वाचून दाखवणारा माणूस. २०२२ साली त्यानं हे पुस्तक स्वतःच छापलं आणि त्याच वर्षी एका मोठ्या प्रकाशकानं ते उचललं.

या प्रकाराला म्हणतात कोझी फँटसी. जादू आहे, चेटकिणी आहेत, पण मुडदे पडत नाहीत. ऊब आहे, खाणंपिणं आहे आणि बहुतेक वेळा एक हळुवार लव्हस्टोरी. दिवसभर 'अर्जंट' अशा सब्जेक्टचे मेल वाचून डोकं उठलेल्यांसाठी एकदम बेस्ट!

'काय वाचते ते कोण इचारते?'

ही सगळी पुस्तकं मी वाचली ती वाशिमला. फ्रीलान्सिंगचा हाच एक फायदा, नेट असलं की झालं. तुम्ही विचाराल, वाशिम कुठे आलं? अकोल्याच्या खाली. १९९८ साली अकोल्यातूनच आमचा जिल्हा वेगळा झाला. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि बहुतेक लोकही जिल्ह्यातून तसेच, न थांबता जातात. सोयाबीन भरपूर. कॅफे, बुकशॉप वगैरे मात्र फारसं मनावर घेऊ नका.

तर घरी माझ्या लग्नाचं चाललंय. तिशी जवळ आली की आपल्याकडे मुलीचा बायोडेटा होतो. उंची, रंग, शिक्षण, मामेकुळ, अपेक्षा. छंदाच्या रकान्यात मी लिहिलं, 'वाचन (प्रेमकथा, फँटसी)'. मावशीनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "नुसतं वाचन लिही व बाई. काय वाचते ते कोण इचारते?"

मावशीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. खरंच कोणी विचारत नाही. आतापर्यंत आलेल्या स्थळांकडून सगळ्यात उदार वाक्य जे ऐकलं ते असं, "लग्नानंतर नोकरी केली तर आमची काही हरकत नाही." म्हणजे बघा, परवानगी मिळाली, पण तुला काय करायचंय हा प्रश्न आलाच नाही.

तेव्हाच मी एमिली हेन्रीची 'बुक लव्हर्स' (२०२२) वाचत होते. नोरा न्यूयॉर्कमधली लिटररी एजंट, कामात बुडालेली. रोमान्समध्ये अशा बाईचं काय होतं ते ठरलेलं. तिचा बॉयफ्रेंड छोट्या गावात जातो, तिथे त्याला साधीसुधी गोड मुलगी भेटते आणि या बयेला डच्चू! हेन्रीनं त्या डच्चू मिळालेल्या बयेलाच हिरोइन केलं. चार्ली तिच्या प्रेमात पडतो तो ती जशी आहे तशीच. काम कमी कर, जरा मवाळ हो, असलं काही तो सुचवतही नाही. हे वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकलं. कारण बाहेरच्या खोलीत माझ्या अपेक्षांचा रकाना माझ्याशिवायच भरला जात होता.

लपूनछपून वाचणाऱ्यांचा क्लब

माझी मावसबहीण इंग्रजी पुस्तकांच्या भानगडीत पडत नाही. ती प्रतिलिपीवर मराठी प्रेमकथांच्या मालिका वाचते. रोज रात्री, पांघरुणात, ब्राइटनेस कमी करून. शंभर-शंभर भाग! तिचा फंडा एकदम क्लिअर. "हिरोनं न इचारता हात धरला की मी ते कथा बंदच करून टाकते."

तिला मी संगु मंदान्नाच्या 'द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इरेग्युलर विचेस'ची (२०२२) गोष्ट सांगितली. मिका मून ही भारतात जन्मलेली, इंग्लंडमध्ये वाढलेली चेटकीण. तिला लहानपणापासून एकच शिकवण, आपण कोण आहोत ते लपव आणि एकटी राहा. मग एका घरात तीन छोट्या चेटकिणींना शिकवायला ती जाते आणि तिथल्या रुसक्या लायब्रेरियनशी तिचं जुळतं. बहीण म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच. सगळ्या आहेत, पण एकमेकींना माहीतच नाही!"

अशी पुस्तकं वाचणाऱ्यांना हमखास ऐकावं लागतं, 'स्वप्नात राहू नका, हे आपल्याकडचं नाही.' इथे मात्र माझ्याकडे वाशिमचा हुकमी एक्का आहे.

अकराशे वर्षांपूर्वीची गोष्ट

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ती शाखा सुरू करणारा राजा सर्वसेन चौथ्या शतकातला. राज्य सांभाळून त्यानं महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. विषय? सत्यभामेचा रुसवा काढायला कृष्ण थेट स्वर्गातून पारिजात आणतो! लव्हस्टोरी आणि फँटसी, दोन्ही एकाच पॅकेजमध्ये. पूर्ण काव्य आज उरलेलं नाही, पण आनंदवर्धनासारख्या बड्या काव्यशास्त्रकारानं नवव्या शतकात त्याचा मानानं उल्लेख केलाय.

पुढे साधारण इ. स. ९०० च्या आसपास राजशेखर नावाच्या नाटककारानं 'कर्पूरमंजरी' लिहिलं. अख्खं नाटक प्राकृतात. त्याची बायको अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून ते रंगभूमीवर आलं. त्यात भैरवानंद नावाचा तांत्रिक राजाला म्हणतो, काय चमत्कार दाखवू? विदूषक सांगतो, दक्षिणेत वच्छोम नावाच्या नगरात मी एक सुंदर मुलगी पाहिलीय. वच्छोम म्हणजेच वत्सगुल्म. म्हणजे आपलं वाशिम! तांत्रिक मंत्र टाकतो आणि मुलगी हजर. आंघोळ करत असतानाच उचललेली, केस ओलेच.

तिला कोणी विचारलं? छे! पुढे तीही राजाच्या प्रेमात पडते, केतकीच्या पानावर त्याला चिठ्ठी धाडते, हे कबूल. पण लग्न जुळतं ते कशावर? तर या मुलीचा नवरा चक्रवर्ती होणार, असं भविष्य असतं म्हणून. मुलीची पत्रिका चांगली, एवढं स्थळाला पुरे. वाशिमची हिरोइन आणि तिच्या बायोडेटात नवऱ्याचा फायदा!

आता गंमत ऐका. याच राजशेखरानं 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला वळवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशभर फिरते. प्रत्येक प्रदेशात नवा वेश, नवं नृत्य, नवं बोलणं. पूर्वेकडे तो ढिम्म. मग थोडा विरघळतो, दक्षिणेकडे पुरता विरघळतो. आजच्या भाषेत याला 'स्लो बर्न' म्हणतात! आणि दोघांचं लग्न कुठे होतं? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. राजशेखर त्याला कामदेवाची क्रीडाभूमी म्हणतो. लग्न कोणत्या पद्धतीचं? गांधर्व. म्हणजे दोघांच्या राजीखुशीनं. साहित्याचं लव्ह मॅरेज वाशिमला लागलंय, बॉस!

त्यामुळे 'हे आपल्याकडचं नाही' हे निदान आम्हाला तरी सांगू नका. एकाच लेखकाच्या दोन गोष्टी. एकीत वाशिमच्या मुलीला उचलून आणलं, दुसरीत दोघं चालत चालत वाशिमला आली आणि आपल्या मर्जीनं एकमेकांची झाली. मला आणि माझ्या बहिणीला दुसरी हवीय. रोमान्स आणि कोझी फँटसीत आम्ही तेच शोधतो. कॉफी, बेकरी, जादूची झाडं हा बोनस. विव्हला तलवार कुणी सोडायला लावली नाही. तिचं तिनं ठरवलं. मिकाला आणि नोराला कोणीतरी शेवटी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबलं. इतकी साधी गोष्ट, पण ती वाचायला आम्ही रात्री दोनपर्यंत जागतो.

वीकेंडला काय वाचाल?

नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करावंसं वाटत असेल, तर विव्ह. घरी स्थळं बघत असतील, तर नोरा. आपण कुठेच फिट होत नाही असं वाटत असेल, तर मिका. आणि बॉस डोक्यावर बसला असेल, तर टी. जे. क्लूनची 'द हाउस इन द सेरुलियन सी' (२०२०). त्यातला चाळिशीचा लायनस बेकर जादुई मुलांच्या सरकारी खात्यात रिपोर्ट खरडत असतो. मग एका बेटावरच्या अनाथाश्रमाची तपासणी करायला जातो आणि तिथलाच होऊ बघतो. फायली उपसणाऱ्या कुणालाही तो जवळचा वाटेल.

बायोडेटाचं म्हणाल, तर मावशीनं कंस खोडला होता, तो मी परत घातलाय. छंद : वाचन (प्रेमकथा, फँटसी). पुढच्या स्थळानं त्यावर एक जरी प्रश्न विचारला, तर चहाचा दुसरा कप मी स्वतः करून आणीन.